दोन पट्ट्यांमधली फट

मी बनवलेलं पहिलं धनुष्य माझ्या चुलतबहिणीच्या हातात फुटलं. मे महिन्यातली संध्याकाळ, येरमाळ्यातल्या आमच्या घरामागचं मोकळं रान, तिनं दोरी हनुवटीपर्यंत ओढलेली. फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि वरच्या टोकाचा तुकडा तिच्या भुवईवर बसला. दोन टाके पडले. डोळा बोटभर अंतरानं वाचला.

"काय झालं रं?" काकूंनी विचारलं.

"बांबूच खराब निघाला," मी म्हणालो. हे खोटं होतं आणि बोलतानाच मला ते माहीत होतं.

या सगळ्याची सुरुवात ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी तिरंदाजीतले विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. बहिणीच्या डोक्यात तिरंदाजी शिरली ती तिथून. त्यांच्यासारखं कंपाउंड धनुष्य आम्हाला परवडणारं नव्हतं. पण आपल्याकडे 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे, त्यात लाकडा-बांबूचं साधं धनुष्य चालतं. "दादा, तू इंजिनिअर आहेस ना?" तिचा एवढाच मुद्दा. मी पुण्यात बसून सॉफ्टवेअर लिहितो, हे तिच्या लेखी गौण होतं.

माझा अभ्यास मात्र चोख होता. शंभर पानी वही वाकवून पाहा, कडेची पानं एकमेकांवरून सरकून तिरकी होतात. धनुष्यात हेच होतं. ओढताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधोमध दोन्ही थर एकमेकांवरून सरकू पाहतात. हे सरकणं थांबवायचं काम गोंदाचं. दोन सारख्या पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर एकीच्या दुप्पट ताठ होतात. पक्क्या चिकटल्या तर आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. मधला सगळा फरक सांध्याची कमाई. म्हणून बाहेरून बांबू, आतून धामण. बांबूचे चिवट तंतू सालीलगत सगळ्यात दाट असतात, ते ताण घेतात. धामणीचं लाकूड लवचिक. कुऱ्हाडीचे दांडे आणि धनुष्यं त्याची पूर्वापार होत आली आहेत.

इतकं कळून मी काय केलं? दोन्ही पट्ट्या घाईनं रंधल्या. मध्ये कुठे कुठे फट दिसत होती, तिथे सुतारकामाचा पांढरा गोंद भरपूर ओतला. क्लॅम्प गच्च आवळले. दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडायची होती.

पुढच्या खेपेला आलो तेव्हा धनुष्य पत्र्याच्या खोलीत दोरी चढवलेलंच टांगलेलं होतं. बाहेर चाळीसच्या वर तापमान. पांढरा गोंद उन्हाळ्यात मऊ पडतो आणि सतत ताण असेल तर हळूहळू सरकतो. टोकाशी बोट फिरवलं तर धामण बांबूच्या पुढे नखाएवढी आली होती. मी पॉलिश पेपर घेतला आणि ती पायरी घासून सपाट केली. ऑफिसात वॉर्निंग बंद करून प्रोग्रॅम पुढे पाठवतात, तसं. चार दिवसांनी ते फुटलं.

तुकडे घेऊन मी सुतार आप्पांकडे गेलो. त्यांनी फुटलेली बाजू उन्हात धरली.

"गुळगुळीत हाय बघ. चांगला सांधा असता तर लाकूड फाटलं असतं, कुसं निघाली असती. हितं गोंदच सुटलाय." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "कडेला घासलंय कुणी?"

मी गप्प राहिलो. आप्पांनीही पुन्हा विचारलं नाही.

येडेश्वरीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत पालखी आमराईत येते आणि हजारो माणसं चुनखडी वेचतात. आमच्या गावाला चुना कुणी शिकवायला नको. पण माझी चूक तिथलीच होती. दगडी भिंतीत दोन दगडांमधली उणीव चुना भरून काढतो, तसा लाकडातली गोंद भरेल असं मी धरून चाललो होतो. लाकडात उणीव रंध्यानंच काढावी लागते.

त्या रात्री बहिणीला सगळं सांगितलं.

"म्हंजे तुला दिसलं होतं?"

"हो."

"आन तरी माझ्या हातात दिलंस?"

ती उठून गेली. काकूंना मी स्वतः सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. आठवडाभर बहीण माझ्याशी बोलली नाही.

मग एका रविवारी ती आप्पांच्या शेडमध्ये येऊन बसली. आप्पांनी एका पट्टीला काव चोळून दुसरी तिच्यावर घासायला शिकवलं होतं. काव उमटेल तो उंचवटा, तेवढाच रंधायचा. मला पट्ट्या जुळल्यासारख्या वाटत होत्या. तिनं त्या माझ्या हातातून घेतल्या, दाराकडे धरल्या आणि म्हणाली, "हितनं उजेड येतोय." मी परत रंधा घेतला. तिनं मला तीनदा परत पाठवलं.

या वेळी गोंद दोन भागांचा, इपॉक्सी. तो फार दाबायचा नसतो, नाहीतर सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. म्हणून क्लॅम्पऐवजी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. चिकटवायच्या बाजूला हाताचा घामही लागू द्यायचा नाही, यावरून ती मला दोनदा ओरडली. वाळल्यावर धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं आणि लांबून दोरखंडानं थोडं थोडं ओढत दोनशे वेळा वाकवलं. पहिले शंभर बाण मी मारले, चेहऱ्यावर हेल्मेट घालून. त्यातले बरेचसे बाभळीत गेले.

आता ते तिच्याकडे आहे. सराव झाला की ती दोरी उतरवते आणि सांध्याच्या कडेनं वरपासून खालपर्यंत नख फिरवते. मी घरी असलो तर थांबून बघतो. नख कुठे अडलं नाही की ती धनुष्य खुंटीला लावते आणि मग माझ्याशी बोलायला लागते.