तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट

अण्णांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आली, तेव्हा साताऱ्यात माझं फार कौतुक झालं. ते मला घेववत नाही. गाडी आमची, पैसा माझा, हौसही माझी, हे खरं. पण ती चालू झाली ती एका अशा माणसामुळे, ज्याचं आमच्या घराशी काडीचं देणंघेणं नव्हतं. ते मेस्त्री आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याबद्दल लिहायचं राहून जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

अण्णांनी ही गाडी घेतली 1978 साली. तेव्हा फियाटसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1954 पासून फियाटच्या 1100 गाड्या बाहेर पडत होत्या. पुढे गाडीचं नाव पद्मिनी झालं, तरी अण्णा शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. 1089 सीसीचं इंजिन, हँड गिअर, पुढची सीट सलग. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढला की अण्णा गाडी बाजूला घेत, बॉनेट उघडत आणि इंजिन निवेपर्यंत आम्हाला शेंगा मिळत. अण्णा गेले आणि गाडी मागच्या शेडमध्ये गेली. बघता बघता दोन दशकं तिथंच राहिली.

शेवटी भंगारवाला आला. वजनावर भाव ठरत होता, तेवढ्यात फाटकात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, चहाच्या टपरीवर ऐकलं म्हणून आलो. एकदा बघू द्या, मग काय ते ठरवा." त्यांचं गॅरेज कधीच बंद झालेलं होतं. अण्णा गाडी दुसरीकडे दाखवत, त्यामुळे मी त्यांना ओळखतही नव्हते. त्यांनी गाडीला चक्कर मारली, खाली वाकून चेसिसला बोटानं टकटक केलं, दारांच्या खालच्या पट्ट्या चाचपल्या. "पत्रा गेलाय, पण हाडं शाबूत आहेत," म्हणाले. भंगारवाल्याला चहा पाजून मी परत पाठवलं.

माझा भाचा उत्साहानं नवी बॅटरी घेऊन आला होता. त्याला सेल्फ मारून बघायचा होता. मेस्त्रींनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थेंब राहत नाही, रिंगा गंजून चिकटतात, आणि अशा वेळी सेल्फच्या जोरावर ते फिरवलं तर रिंग तुटते, नाहीतर लाइनरला ओरखडे पडतात, हे त्यांनी त्या पोराला शांतपणे समजावून सांगितलं. मग चारही प्लग काढले आणि डिझेल व इंजिन ऑइल एकत्र करून प्रत्येक भोकात पिचकारीनं थोडं थोडं सोडलं. वर फडकं झाकलं आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले, पुन्हा थोडं तेल सोडलं, पुन्हा गेले. आठवडाभर एवढंच. शेजारीपाजारी विचारायला लागले, हे काय काम चाललंय?

दरम्यान ब्रेक सोडवले. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजून जाम झाले होते. ड्रम हातोडीनं हलकेच ठोकत, पुन्हा तेल सोडत, मेस्त्रींनी एकेक चाक मोकळं केलं. कुठेही घाई नाही, कुठेही शिवी नाही. मग गाडी टॉप गिअरला टाकली. आम्ही मागून ती पुढे-मागे हलवू लागलो आणि मेस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून फॅनकडे बघत बसले. कितीतरी वेळ काही नाही. मग पातं बोटभर सरकलं. "थांबा!" ते ओरडले. पुढचं एक पाऊलसुद्धा ढकलू दिलं नाही. आणखी तेल, आणखी एक रात्र. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण फिरलं.

पार्ट मिळवायला मी पुण्याला नाना पेठेत गेले. कारखान्यातून या गाड्या निघायच्या बंद झाल्याला इतकी वर्षं लोटली, तरी तिथल्या एका दुकानदारानं माळ्यावरून खोकी उतरवून व्हील सिलिंडरची किट शोधून दिली. पेट्रोल पंपाचा पडदा मात्र जुना घेऊ देईना. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. म्हणून त्यानं दुसऱ्या दुकानातून आजच्या पेट्रोलला चालणारा पडदा आणि नळ्या मागवून दिल्या. स्वतःचा धंदा सोडून. डिस्ट्रिब्युटर मिळाला तो मुंबईहून, माझ्या मावसभावाच्या ओळखीतल्या एका टॅक्सीवाल्या काकांकडून. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. काकांनी आपली गाडी मोडीत देताना डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर काढून कापडात गुंडाळून ठेवले होते. मोल विचारलं तर म्हणाले, "चालू गाडीत लागतोय ना, मग झालं." या माणसाला मी अजून भेटलेलीसुद्धा नाही.

टाकीतलं पेट्रोल आटून त्याचा डांबरासारखा चिकट थर झाला होता. टाकी धुवायला गेली. मेस्त्रींनी तोवर बॉनेटला पेट्रोलची बाटली टांगली आणि नळी थेट कार्बोरेटरला लावली. आधी प्लगशिवाय सेल्फ मारत राहिले, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग बसवले, सीबी पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, करंट बघितला. गाडी खोकली, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि उंदराच्या घरट्याचा चिंध्यांचा गोळा बाहेर पडला, आणि इंजिन धरलं. आमची आई खुर्चीत बसली होती. ती उठून उभी राहिली.

सगळे टाळ्या वाजवत होते, मेस्त्री मात्र कान देऊन ऐकत होते. हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. "वाजतोय," म्हणाले, "तिसऱ्याचा. अजून वाजतोय." मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी थक्क झाले. अण्णांची गाडी पोवई नाक्यावरून जायची तेव्हा त्यांना गॅरेजात बसल्या जागी कळायचं, कारण तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट कायम टकटक करायचा. "रोज ऐकायचो. पण गिऱ्हाईक दुसऱ्याचं. रस्त्यात थांबवून कसं सांगणार? धंद्यात तसं चालत नाही." गाडी दिसेनाशी झाली तेव्हा तो आवाज बंद झाल्याचंही त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी झाकण उघडलं, फिलर गेजचं पातं सरकवलं, नट ढिला करून स्क्रू केसभर फिरवला, नट आवळला, पुन्हा पातं घालून बघितलं. गाडी चालू केली. त्या इंजिनाचा असा आवाज आमच्या घरात कोणी कधी ऐकलेला नव्हता.

पैशांचं बोलणं निघालं तेव्हा त्यांनी फक्त मदतीला आणलेल्या हाताखालच्या पोराची रोजंदारी सांगितली. मी आग्रह केला, रागावले, आईनंही सांगून बघितलं. उपयोग झाला नाही. काही जुनी ओळख असती, अण्णांनी कधी त्यांच्यासाठी काही केलेलं असतं, तर मन समजवता आलं असतं. तसं काहीच नाही. एका परक्या माणसाच्या गाडीचा आवाज या माणसानं आयुष्यभर ध्यानात ठेवला आणि त्या गाडीला भंगारात जाऊ दिलं नाही. हे देणं कुठल्या खात्यात मांडायचं, ते मला कळलेलं नाही.

ते हाताखालचं पोर आता सीबी पॉइंट स्वतः लावतं. गेल्या महिन्यात कोरेगावहून एक जुनी अँबेसेडर मेस्त्रींच्या अंगणात आली आहे. मेस्त्री खुर्ची टाकून बसतात आणि प्लगच्या भोकात पिचकारी किती दाबायची ते सांगतात. तिचे पार्ट हवे होते, म्हणून परवा मी पोराला नाना पेठेत घेऊन गेले, पद्मिनीतूनच. दुकानदाराशी ओळख करून दिली आणि यापुढे याला उधारी द्या, जबाबदारी माझी, असं सांगून आले.