एका गुणाची गोष्ट

तीस वर्षं मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. उष्मागतिकीचा दुसरा नियम आला की चंचुपात्रात पाणी घ्यायचं आणि त्यात पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा सोडायचा, हे ठरलेलं. तळाशी जांभळी रेघ सुटायची, वळसे घेत पसरायची, तास संपता संपता सगळं पाणी गुलाबी. "हा रंग पुन्हा एका कोपऱ्यात गोळा होणं निसर्गनियमानुसार अशक्य," असं मी ठासून सांगायचो. एका मुलीने पेपरात लिहिलं, 'अशक्य नाही, पण होणार नाही.' मी तिचा गुण कापला.

तिचं बरोबर होतं.

निवृत्तीनंतर भौतिकशास्त्रज्ञ लोश्मिटचा आक्षेप सवडीने वाचला. दुसरा नियम रेणूंच्या गतीतून सिद्ध करू पाहणाऱ्या बोल्ट्झमनला त्याने १८७६ साली पेचात टाकलं: सगळ्या रेणूंचे वेग एका क्षणी उलटे केले, तर न्यूटनच्याच नियमांनी ते आल्या वाटेने परत जातील. म्हणजे गतीचे नियम रंगाला परत यायला मज्जाव करत नाहीत. बोल्ट्झमनने पुढच्याच वर्षी उत्तर दिलं, ते मोजणीचं. दहा रेणू डब्यात मोकळे फिरत असतील, तर सगळे डाव्या अर्ध्यात सापडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. शंभर रेणू घेतले तर खालचा आकडा एकतीस अंकी होतो. चंचुपात्रातल्या रेणूंचा हिशेब मांडायला कागद पुरणार नाही. तरीही तो आकडा शून्य नव्हे, आणि मी मुलांना शून्य सांगत होतो.

खरा धक्का पुढे होता. हीच मोजणी काळात मागे लावली, तर रंग आधीही विस्कटलेलाच असायला हवा. तो खड्यात एकवटलेला का होता? खडा कुणीतरी बनवला, त्याला लागलेली ऊर्जा कुठून तरी आली, असं मागे मागे जात आपण विश्वाच्या अतिशय सुव्यवस्थित आरंभापाशी पोचतो. ज्याला मी नियमाची सक्ती समजत होतो, तिच्यातला मोठा वाटा आरंभाचा निघाला.

शून्यातून ऊर्जा निर्माण करणारं यंत्र कुणी दाखवलं, तर मी आजही 'अशक्य' म्हणेन. पण तो शब्द परमँगनेटला लावणार नाही.

डेव्हिड अल्बर्टसारखे तत्त्वज्ञ त्या आरंभालाच निसर्गनियमाचा दर्जा देतात. त्यांचा युक्तिवाद मला कळतो. पण एकदाच घडलेल्या गोष्टीला नियम म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही.