सरकार पक्षातर्फे

खुनाच्या खटल्यात जप्तीचा पंच पिंजऱ्यात उभा राहिला की सरकारी वकिलाचं खरं काम सुरू होतं. मुद्देमालाचं पाकीट आधी पंचाला दाखवायचं, लेबलावरची सही त्याचीच आहे ना याची खात्री करून घ्यायची, मग कोर्टाच्या परवानगीने ते उघडायचं. आतली वस्तू, समजा कोयता, पंचाने ओळखली की तिला आर्टिकल क्रमांक पडतो. यातली एक पायरी गाळली, तर ‘रासायनिक विश्लेषकाने तपासलेला कोयता हाच कशावरून?’ असा मुद्दा बचाव पक्ष काढणारच. त्यात आपल्या साक्षीदाराच्या सरतपासात सूचक प्रश्न विचारायला सहसा मुभा नसते. दोन-तीन वर्षांपूर्वीचा पंचनामा साक्षीदाराला आठवतो तेवढाच.

आणि पुष्कळदा तो म्हणतो, ‘पोलीस ठाण्यात बोलावून कागदावर सह्या घेतल्या, बाकी मला काही माहीत नाही.’ पंच फितूर. गावाकडचा फिर्यादी अशा वेळी खचून जातो, केस गेली असं त्याला वाटतं. पण फितूर साक्षीदाराची साक्ष पूर्णपणे पुसली जात नाही, तिचा विश्वासार्ह भाग कोर्ट विचारात घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने भगवान सिंग खटल्यात पूर्वीच स्पष्ट केलं आहे. म्हणून सरकारी वकील परवानगी मागून आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घेतो आणि पंचनामा तपासी अंमलदाराच्या साक्षीतून शाबीत करायला बघतो.

लोक सरकारी वकिलाला ‘पोलिसांचा वकील’ म्हणतात. महाराष्ट्रात खालच्या कोर्टांतले सहायक सरकारी अभियोक्ता खरोखरच पोलीस खात्याच्या अखत्यारीत होते. त्यांचं वेगळं केडर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये शहाणे खटल्यात दिला. त्याआधी एक वर्ष, हितेंद्र ठाकूर खटल्यात याच न्यायालयाने बजावलं होतं की सरकारी वकील म्हणजे टपाल कचेरी नव्हे. टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली आरोपीची कोठडी लांबवायची, तर पोलिसांची मागणी त्याने स्वतः तपासून मगच अहवाल द्यायचा. जामीन अर्जावर ‘से’, म्हणजे सरकार पक्षाचं म्हणणं, देतानाही हीच कसोटी हवी, असं माझं ठाम मत आहे. सरसकट ‘सक्त विरोध’ लिहिणं म्हणजे काम टाळणं.

सरकारी वकिलानेच कच खाल्ली तर काय होतं?

गुजरात दंगलींच्या काळात, मार्च 2002 मध्ये, वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत 14 माणसं मारली गेली. पुढच्याच वर्षी सगळे 21 आरोपी सुटले. महत्त्वाचे साक्षीदार तपासलेच गेले नाहीत, सरकारी वकील बचावाच्या बाजूने असल्यासारखा वागला, असे ताशेरे ओढून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2004 मध्ये खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला. मुंबईच्या न्यायालयाने 2006 मध्ये नऊ जणांना जन्मठेप दिली. त्यातल्या चौघांची शिक्षा 2012 मध्ये उच्च न्यायालयात कायम झाली. पाच सुटले, म्हणून फेरखटला वाया गेला असं कुणी म्हणू नये. पुरावा नीट मांडला गेला आणि त्यावरच निवाडा झाला, हे मोलाचं आहे.

पुरावा मांडायचे नियमही आता बदलले आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे, त्यामुळे पंचनाम्याच्या जोडीला व्हिडिओही येऊ लागले आहेत. पण नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, त्यातली फाइल बदललेली नाही हे दाखवणारी हॅश व्हॅल्यू आणि तज्ज्ञाची सही सोबत नसेल, तर तो व्हिडिओ पुराव्यात वाचला जाणं अवघड होतं. सरकारी वकिलाने ही कागदपत्रं दोषारोपपत्र हाती येताच तपासावीत आणि त्रुटी तपासी अंमलदाराला लेखी कळवावी. पंच पिंजऱ्यात उभा राहीपर्यंत थांबू नये.