काळा समुद्र, पांढरा समुद्र

“रत्नागिरीचा आणि मानसशास्त्राचा संबंध एवढाच, की तिथे वेड्यांचं इस्पितळ आहे.” मानसशास्त्र शिकवणारी एक मैत्रीण सहज बोलून गेली. तिच्यासमोर एका पाठ्यपुस्तकाचं पहिलं प्रकरण होतं आणि ते नेहमीप्रमाणे १८७९ साली लायपझिगमध्ये सुरू होत होतं. विल्हेल्म वुंट, त्याची प्रयोगशाळा, पुढे फ्रॉइड, पुढे वॉटसन. भारताच्या वाट्याला शेवटचा परिच्छेद: १९१६च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी उभा केलेला विभाग आणि १९५० साली पुणे विद्यापीठात सुरू झालेला विभाग. त्याआधी जणू या देशात डोळ्यांनी पाहिलेलं मनाला कसं कळतं, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

मैत्रिणीचं ते वाक्य मला फार लागलं. महाविद्यालयात असताना न्यायदर्शनाचा ‘तर्कसंग्रह’ वाचला, तेव्हापासून प्रत्यक्षज्ञानाचा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही. शिवाय ‘गीतारहस्या’चं सहावं प्रकरण लिहिणारे लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मले होते. मे संपत आला होता, पाऊस तोंडावर होता. पिशवीत ती दोन पुस्तकं टाकली आणि कोकण रेल्वेत बसलो.

संगमेश्वरला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. शेजारच्या रुळावरची गाडी हलली आणि आपलीच निघाली असं क्षणभर सगळ्या डब्याला वाटलं. याच्याच उलट बाजूचा भास आर्यभटाने ४९९ साली नोंदवून ठेवला आहे. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरची स्थिर झाडं मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे सरकताना दिसतात, असं तो सांगतो. एका भासाच्या आधाराने पृथ्वी फिरते असं म्हणण्याचं हे धाडस आहे. डोळा फसतो, पण कसा फसतो ते कळलं तर त्या फसण्यातूनच ज्ञान मिळतं. उक्षी गेलं, कर्बुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला, आणि त्या लांबलचक काळोखात मी हाच विचार करत राहिलो.

उतरलो ती जागा स्टँडजवळची. खोलीत एकच ट्यूबलाइट, तीही सतत फडफडणारी. खिडकीखाली जनरेटर, आणि चादरीला आधीच्या पाहुण्याच्या अत्तराचा वास. तक्रार केली तर “सीझन आहे साहेब” एवढंच उत्तर मिळालं. वाचायला आलेल्या माणसाला उजेड मिळू नये याचा मला मनापासून राग आला. म्हणून पहाटेच बाहेर पडलो.

रत्नदुर्गावर एक वाटाड्या चिकटला. किल्ला घोड्याच्या नालेसारखा आहे, इथे उभं राहून फोटो चांगला येतो, तिथे अमक्या सिनेमाचं गाणं झालं, अशी त्याची पाठ केलेली माहिती. भगवतीचं दर्शन घेतलं, दीपगृह लांबून पाहिलं आणि उतरलो. पतितपावन मंदिरापाशीही पाच मिनिटंच थांबलो. १९३१चं ते मंदिर आणि सावरकरांचा रत्नागिरीतला स्थानबद्धतेचा काळ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मला पाहायचे होते ते दोन समुद्र. मांडवीकडचा काळा समुद्र आणि मिऱ्याच्या वाटेवरचा पांढरा समुद्र. पाणी एकच, अरबी समुद्राचं. इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे इकडची वाळू काळी, तिकडची फिकी, आणि वाळूच्या रंगावरून लोकांनी समुद्रालाच नाव दिलं. सांख्यांनी आणि वेदान्त्यांनी हाच विचार स्फटिकावरून मांडला. जास्वंदीजवळ ठेवलेला पांढरा स्फटिक लाल दिसतो. लाली त्याची नाही, शेजाऱ्याची आहे. पण पाहणाऱ्याला स्फटिकच लाल भासतो.

भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उन्हात शिंपले चमकतात. लांबून नाणं पडल्यासारखं वाटतं. आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतकं ज्यावर वाद घातला तो हाच शिंपला. शिंपल्याच्या जागी चांदी दिसली, तर नेमकं घडलं काय? नैयायिक म्हणाले, चांदी खरीच आहे, पण दुसरीकडे कुठेतरी पाहिलेली. चकाकीमुळे तिची आठवण जागी झाली आणि समोरच्या वस्तूवर बसली. ही अन्यथाख्याती. प्रभाकर मीमांसक म्हणाले, चुकीचं ज्ञान असं काही नसतंच. समोर ‘हे काहीतरी’ आहे हे दिसणं खरं, चांदीची आठवणही खरी. दोन्हींतला फरक ध्यानात आला नाही, एवढंच. ही अख्याती. अद्वैत्यांनी त्या चांदीला खरीही म्हटलं नाही आणि खोटीही नाही. पित्त झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, डोळा दाबला की दोन चंद्र दिसतात, कोलीत गरगर फिरवलं की अग्नीचं वर्तुळ दिसतं. प्रत्येक दाखल्यात दोष वेगळ्या ठिकाणी आहे: कधी इंद्रियात, कधी अंतरात, कधी वेगात, कधी स्मृतीत. पाहणं ही सरळ घटना नाही, तिला अनेक टप्पे आहेत, हे त्यांनी चुकांची छाननी करून ठरवलं.

दुपारी एका निवृत्त इतिहास-प्राध्यापकांकडे गेलो. पडवीत झोपाळा, भिंतभर पुस्तकं. मी शिंपल्याचं बोलू लागताच त्यांनी हात वर केला.

“अहो, हे सगळं आपल्याकडे होतंच, असं म्हणायला आला असाल तर चहा घ्या आणि जा. नैयायिकांना मोक्ष हवा होता. त्यांनी काही मोजलं का? मोजमाप नाही तिथे मानसशास्त्र नाही.”

“सर, मोजमापाची सुरुवात तरी कुठे झाली? ग्रिनिचच्या वेधशाळेतल्या एका भांडणात ना?”

हा किस्सा त्यांनाही आवडतो, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. तारा दुर्बिणीतल्या तारेवरून कधी सरकला हे तेव्हा डोळ्याने पाहून आणि घड्याळाचे ठोके कानाने ऐकून ठरवत. राजखगोलशास्त्रज्ञ मॅस्केलाइनच्या वेळेपेक्षा त्याचा सहायक किनब्रुक याची वेळ सेकंदाच्या आठ दशांशांनी मागे पडू लागली आणि १७९६ साली त्या बिचाऱ्याची नोकरी गेली. पुढे खगोलशास्त्रज्ञ बेसेलने तपासलं तेव्हा दिसलं, की कुठल्याही दोन निरीक्षकांच्या वेळा जुळत नाहीत. दोष किनब्रुकचा नव्हता, माणसाच्या मनाच्या घडणीचा होता. तरुण वुंटने लायपझिगच्या कितीतरी आधी लंबक आणि घंटा घेऊन याच कोड्याला हात घातला आणि निष्कर्ष काढला, की दृश्य आणि आवाज या दोहोंकडे मन एकाच क्षणी लक्ष देऊ शकत नाही.

“आणि सर,” मी म्हणालो, “गौतमाच्या न्यायसूत्रांत मनाची खूण म्हणून नेमकं हेच दिलंय. दोन ज्ञानं एकदम होत नाहीत, म्हणून मन मानायचं आणि ते अणू मानायचं. एका वेळी ते एकाच इंद्रियाला जोडलं जातं.”

समोर बशीत फणसाचे तळलेले गरे होते. एक गरा तोंडात टाकला की कुरकुर ऐकू येते, मीठ लागतं, खोबरेलाचा वास येतो, कड जिभेला टोचते आणि सगळं एकदम झालं असं वाटतं. नैयायिकांपुढे प्रतिपक्षाने हीच अडचण ठेवली होती, फक्त तिथे शष्कुली नावाचा मोठा कुरकुरीत पदार्थ होता. त्यांचं उत्तर असं, की हा क्रमच आहे, पण अतिशय वेगवान. कमळाच्या शंभर पाकळ्यांच्या चळतीतून सुई आरपार गेली तर एकदम गेलीशी वाटते, पण ती एकेक पाकळी भेदतच जाते. सांख्यांना हे सर्वस्वी मान्य नव्हतं. त्यांच्या मते इंद्रिय, मन, अहंकार आणि बुद्धी कधी क्रमाने काम करतात, कधी एकदम. अंधारात विजेच्या लखलखाटात समोर वाघ दिसला तर माणूस टप्पे करत बसत नाही, पळतो.

“उत्तम,” प्राध्यापक म्हणाले, “पण सुई किती वेळात गेली? वुंटने ते यंत्रावर पाहिलं. तुमच्या नैयायिकाने दाखला दिला आणि वाद जिंकला.”

हा मुद्दा खरा आहे आणि मी तो मान्य केला. पण इतिहास प्रयोगशाळेपासूनच सुरू करायचा तर खुद्द वुंटचाही अर्धा भाग बाहेर राहतो. भाषा, पुराणकथा, रूढी यांतून दिसणारं मन प्रयोगात सापडत नाही, म्हणून त्याने लोकमानसशास्त्राचे दहा खंड १९०० ते १९२० या काळात लिहिले. प्रश्न कुणी, का आणि कुठवर नेला हा इतिहास. मोजमाप हा त्यातला एक मोठा टप्पा. यावर ते झोपाळा थांबवून गप्प बसले. शेवटी म्हणाले, “मग टिळकांचं घर पाहून या. आणि इस्पितळावरूनही जा.”

टिळक आळीतलं जन्मस्थान शांत होतं. अंगणात बसून सहावं प्रकरण पुन्हा उघडलं. बरंवाईट ठरवणारी सदसद्विवेकबुद्धी ही अंतःकरणातली स्वतंत्र देवताच आहे, असं पाश्चात्य नीतिशास्त्रातला एक पक्ष म्हणत होता. त्याला उत्तर देण्यासाठी टिळकांनी मनाचा सगळा व्यापार उलगडून दाखवला. ज्ञानेंद्रियं बाहेरचे संस्कार आत आणतात, मन ते लावून बुद्धीपुढे ठेवतं, बुद्धी निश्चय करते, आणि तो निश्चय मन कर्मेंद्रियांकडून अंमलात आणतं. आंब्याचा रंग ओळखणारी बुद्धी वेगळी आणि न्याय-अन्याय ओळखणारी देवता वेगळी, असं मानायचं कारण उरत नाही. पुढे अध्यात्म प्रकरणात ते कांट आणि ग्रीन या पाश्चात्य तत्त्वज्ञांनाही चर्चेत घेतात. सांख्यांचं जुनं शास्त्र इथे संग्रहालयात ठेवलेलं नाही. समकालीन वादात ते कामाला लावलं आहे, आणि तेही मराठीत.

हे लेखन झालं १९१०-११च्या हिवाळ्यात, मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, पेन्सिलीने. त्याच १९१०च्या अखेरीस मंडालेचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात राहायला गेला होता. ब्रिटिशांनी त्याच्या शहरात रत्नागिरीचा माणूस कोंडला होता आणि रत्नागिरीत त्याला. नंतर त्या राजवाड्याच्या गच्चीवरून खाडी पाहताना मला खोल्या, लाकूडकाम, काही दिसेना. थिबा इथे आला एप्रिल १८८६मध्ये आणि वारला डिसेंबर १९१६मध्ये. तीस वर्षं समोर तोच समुद्र. इंद्रियांना सगळं नीट दिसत होतं, आणि मनाचं राज्य मात्र दुसरीकडे होतं.

१८८६. हेच साल रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं. संध्याकाळी त्याच्या भिंतीलगतून गेलो, आत गेलो नाही. आतली माणसं ही पाहण्याची वस्तू नव्हे. ३६५ खाटांचं हे रुग्णालय राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत सर्वांत लहान. ते सुरू झालं तेव्हा १८५८चा कायदा लागू होता आणि त्याचा प्रश्न एवढाच होता, की कुणाला आत ठेवायचं. पुढे १९१२चा आला, १९८७चा आला, आणि २०१७च्या कायद्याने आपल्या उपचारांबद्दल ठरवण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला. नसलेलं दिसणाऱ्या माणसाला नैयायिक खोटारडा म्हणत नव्हता. भास झाला हे खरं मानून दोष कुठे आहे ते शोधत होता. एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याला हा धीर नव्हता.

गणपतीपुळे आणि पावस दोन्ही बेत सोडून दिले. मांडवीच्या धक्क्यावर बसून राहिलो. समुद्रावर लांब विजा चमकत होत्या, लखलखाट आधी, गडगडाट मागून. काळ्या वाळूवर कोण चाललंय ते त्या उजेडात एकदम कळत होतं, आणि सांख्य बरोबर की नैयायिक, याचा निकाल काही लागत नव्हता. सरींचा पहिला मारा आला तरी उठावंसं वाटेना. रत्नागिरीत हे वाद पुस्तकात राहिले नाहीत. पायाखाली, जिभेवर, डोळ्यांपुढे आले.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ‘सगळं आमच्याकडे होतं’ हा दावा खोटा आहे, कारण वेळ मोजणारा लंबक आपल्याकडे नव्हता. ‘आमच्याकडे काहीच नव्हतं’ हा दावाही तितकाच खोटा आहे. मराठी विद्यार्थ्याच्या मानसशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात शिंपला आणि चांदी असावी, किनब्रुकची गेलेली नोकरी असावी, गीतारहस्याचं सहावं प्रकरण असावं आणि १८८६ सालचं ते रुग्णालयही असावं. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी एवढं करावं. ती निघेपर्यंत वाचकांनी सहावं प्रकरण स्वतः वाचावं, आणि जमलं तर रत्नागिरीत बसून वाचावं.