पुन्हा बाकावर

शिक्षकांना सुट्टीत काय काम असते, असे तुम्हांला वाटत असेल. मलाही पूर्वी तसेच वाटे. परंतु २००० सालच्या उन्हाळ्यात माझी अर्धी सुट्टी एका बाकावर बसून गेली. आणि तो बाक दुसरीतल्या मुलांच्या मापाचा होता!

महाराष्ट्रातील मराठी शाळांत तोपर्यंत इंग्रजी पाचवीपासून शिकवीत असत. त्या जूनपासून ते पहिलीपासून सुरू व्हायचे होते. म्हणून आम्हां शिक्षकांसाठी तालुक्याच्या गावी प्रशिक्षणवर्ग भरला. मी मराठी घेऊन एम. ए. झालेला असलो, तरी पाचवीला बारा वर्षे इंग्रजी शिकवीत होतो. आता मला कोण काय शिकवणार, अशा ऐटीतच मी तेथे गेलो.

आमचे मार्गदर्शक धारवाडकडचे होते. इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करण्यासाठी १९५८ साली हैदराबादला एक संस्था स्थापन झाली. तिचेच पुढे विद्यापीठ झाले. तेथे ते शिकले होते. वर्गात येताच, इंग्रजीचा एक शब्दही न उच्चारता, ते चक्क कानडीत बोलू लागले. "निल्लि," असे म्हणून त्यांनी हाताने वर उठण्याची खूण केली. आम्ही उभे राहिलो. "कूतुकोळ्ळि," म्हणताच बसलो. दाराकडे बोट दाखवून ते म्हणाले, "बागिलु." आमच्यापैकी कोणालाही कानडी येत नव्हते. मग त्यांनी मला एकट्याला पुढे बोलावले आणि उभ्या असलेल्या वर्गाला खाली बसायला सांग, असे खुणेने सुचवले. मी "कुत्कोळी" की असेच काहीतरी बोललो. सारा वर्ग खो खो हसला. चाळिशीचा मी, पण माझे कान तापले, घसा कोरडा पडला आणि मघाशी पाठ झालेला 'बागिलु'ही आठवेना.

मार्गदर्शक मात्र हसले नाहीत. त्यांनी तो शब्द सावकाश उच्चारला, आधी सर्वांकडून म्हणवून घेतला आणि मग माझ्याकडे वळले. या खेपेस तो मला जमला.

जागेवर येऊन बसलो, तो माझ्या वर्गातला एक मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. तो 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणे. एकदा मी त्याला तो शब्द दहा वेळा म्हणायला लावला. दहाही वेळा 'इस्कूल'च आले. मुले हसली; मीही हसलो. त्यानंतर वर्षभर त्याने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही, आणि मी त्याला आळशी ठरवून मोकळा झालो. आपल्या आज्यांनी स्टेशनचे 'ठेसन' केले, तेव्हा त्यांना कोणी असे उभे केले नव्हते!

पुढचे दिवस मजेचे गेले. आम्हांला खिशातले आरसे आणायला सांगितले होते. मराठीत आपण एकच 'व' लिहितो. इंग्रजीत तेथे दोन ध्वनी आहेत. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'वॉटर' म्हणताना ओठ शीळ घालताना होतात तसे गोल होतात. पिकल्या मिशांचे गुरुजी आरशात पाहून ओठ वाकडे करीत आहेत, हे दृश्य तुम्ही पाहायला हवे होते. 'स्कूल'ची युक्तीही तेथेच कळली. सापाच्या फुत्कारासारखा नुसता 'स्स्स्' लांबवायचा आणि त्यालाच 'कूल' जोडायचे. मग पुढे 'इ' येत नाही. एवढी साधी गोष्ट मला बारा वर्षांत ठाऊक नव्हती.

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा सहावीत गेला होता. मी त्यांच्या वर्गावर जाऊन माझ्या 'कुत्कोळी'ची हकीकत सांगितली. मुले पोट धरून हसली. मग आम्ही सर्वांनी मिळून साप केला आणि 'स्कूल' म्हटले. त्या मुलाचे ओठ हलताना दिसले. आवाज काही ऐकू आला नाही. पुढेही आठवडाभर तसेच चालले.

एके दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

"गुरुजी, दाराला कानडीत काय म्हणायचं?"

मी सांगितले. त्याने तो शब्द एकदाच म्हटला, अगदी अचूक, आणि पटांगणाकडे धूम ठोकली.