लग्नचौक आणि सवाशिणींचा हात

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी आतल्या भिंतीवर काढला जाणारा चौक ही सजावट नसून विधीच आहे. तो पुरा झाल्याखेरीज लग्न लागत नाही आणि तो काढण्याचा मान सवाशिणींचा, म्हणजे पती हयात असलेल्या स्त्रियांचा असतो. चौकोनी नक्षीदार चौकटीच्या मध्यभागी सुफलनाची देवी पालघट असते, तिच्याभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी यांना जागा मिळते आणि लग्न लावणारी धवलेरी आपल्या गाण्यांतून या देवतेला आवाहन करते.

या कामातले खरे कौशल्य रेषेच्या आधी, भिंतीपासूनच सुरू होते. कूड, म्हणजे कारवीच्या काठ्या बांधून त्यावर शेणमातीचा लेप दिलेली भिंत, सारवून तिच्यावर गेरूचा हात फिरवतात. मग भिजवलेले तांदूळ वाटून त्यांत पाणी घालतात आणि टोक ठेचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने रेषा ओढतात. पीठ पातळ झाले तर ओघळते, घट्ट राहिले तर वाळल्यावर पोपडे धरते. शिवाय ओली रेषा फिकट दिसते आणि सुकल्यावरच पांढरी उमटते, त्यामुळे डोळ्यांना पुरते न दिसणारे चित्र हाताच्या सवयीवर पुढे न्यावे लागते. ही सवय मुलींच्या अंगी येते ती थोरल्या बायकांच्या शेजारी बसून.

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी तिला जगभर नेले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागदामुळे शेती, शिकार, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचे नृत्य असे विषय मोकळेपणाने फुलले, अनेक कुटुंबांना उत्पन्न मिळाले, हे मोलाचेच आहे. परंतु कागदावर चित्रकाराची सही आली, तर अनेक हातांनी मिळून काढलेला भिंतीवरचा चौक निनावीच राहिला आणि कलेच्या कौतुकात त्या बायका मागे पडल्या.

गुळगुळीत तैलरंगाच्या भिंतीवर तांदळाचे पीठ नीट धरत नाही, म्हणून कुडाचे घर बदलले की कलेचा आधारही बदलतो. वारली कलेचे जतन करायचे, तर माणसांच्या त्रिकोणी आकृत्या कापडावर छापून भागणार नाही. सारवणे, वाटणे, गाणे आणि सवाशिणींचा हा अधिकार यांनाही त्या जतनात पहिले स्थान द्यावे लागेल.