पेटीचे दुखणे

माणूस आजारी पडला म्हणजे निदान कुठे दुखते ते सांगतो. गुरे सांगत नाहीत, पण वैरण सोडतात. जाणत्याला तेवढे पुरते. संगणकाची तऱ्हा निराळी. चांगला धावता धावता तो एकाएकी गोठतो. पडद्यावरचा वीर उगारलेली तलवार तशीच धरून उभा, शेवटचा सूर भुंग्यासारखा घुमत राहिलेला, आणि कळ दाबावी तर दाद नाही. कधी तर आपणच विझून पुन्हा सुरू होतो, जणू काही घडलेच नाही!

आमच्या जयगडच्या घरात गेल्या पावसाळ्यात हे दुखणे शिरले. संगणक धाकट्या नातवाचा, खास खेळांसाठी घेतलेला. ‘बंद पडला तर बरेच, अभ्यास तरी करील,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. पण त्या खेळातली खरी गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. थोरला नातू मस्कतला नोकरीला. त्याच्या पहिल्या वर्षाच्या शिलकीतून ही पेटी आली. शुक्रवारी त्याला सुट्टी, आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आमची जेवणे उरकली की दोघे भाऊ आपापल्या पडद्यावर बरोबरच लढाईला निघत. फोनवर ‘बरा आहे’ याच्यापुढे न जाणारा थोरला खेळता खेळता सगळे बोलून जाई : खोलीतले सोबती, तिथला उन्हाळा, बिघडलेली आमटी, घराची आठवण. कोकणातल्या घरांनी एके काळी मुंबईच्या मनीऑर्डरची वाट पाहिली. आमचे घर शुक्रवारची पाही. आणि पेटी गोठे ती नेमकी त्याच्या वाक्याच्या मध्यावर.

उपाय सुचवणारांची वाण नव्हती. कोणी म्हणाला दृष्ट काढा, कोणी म्हणाला व्हायरस. एकाने विजेवर बोट ठेवले. गावाजवळ १,२०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प असल्याने ‘दाराशी गंगा नि घरात कोरड’ हा विनोदही त्याने उरकून घेतला. शहरातल्या एका दुकानदाराने पेटी न पाहताच मदरबोर्ड बदलायला सांगितले. तेवढे पैसे थोरल्याकडून मागवावयाचे, तर ते त्याच्या घरी येण्याच्या तिकिटातूनच जाणार. धाकटा म्हणाला, “आजोबा, आपणच शोधू या ना!”

शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांना एकच पथ्य सांगत असे : एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन औषधे एकदम घेतली आणि गुण आला, तर तो कशाने आला हे कळावे कसे? आम्ही एक वही केली. ही चाल जुनीच आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला, तेव्हा तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चक्क चिकटवून ठेवला. आमच्या वहीत पतंग नव्हता, पण दोन आठवड्यांत एक गोष्ट उघड झाली. पत्र लिहिताना पेटी कधीच गोठत नाही. खेळ सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांनी गोठते.

मग एकेकाची झडती सुरू झाली. पंखे नि जाळ्या ब्रशने साफ केल्या. खेळताना प्रोसेसरचे तपमान ७० अंशांपुढे जाईना, म्हणजे तो काही बंद पडण्याइतका तापत नव्हता. तरी गोठणे चालूच. मीटर लावून विजेचा दाब पाहिला. गोठण्याच्या क्षणीही २३० व्होल्टच्या आसपास! वीज निर्दोष सुटली. पुढे पाळी आली स्मृतीच्या दोन पट्ट्यांची. मुले त्यांना रॅम म्हणतात. एक काढून दुसरीवर खेळ चालवला : तीन दिवस निर्वेध. ती काढून पहिली बसवली : पंचविसाव्या मिनिटाला वीर पुन्हा पुतळा. तीच दुसऱ्या खाचेत बसवली, तरी तेच. म्हणजे खाच नव्हे, पट्टीच.

उजेडात धरली तेव्हा तिच्या सोनेरी दातांवर मळकट थर दिसला. शास्त्री नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी आमचे गाव. वाऱ्याबरोबर मिठाचे कण येतात, मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, आणि खिडकीचे गज नि सायकलची साखळी ज्याने खाल्ली तेच त्या दातांपर्यंत पोचले होते. पेटी थंड असताना स्पर्श कसाबसा टिके. खेळाच्या श्रमाने ती तापली, धातू किंचित प्रसरण पावला, की सुटे. पत्र लिहिण्यात तिला श्रम ते कसले!

खोडरबराने दात हलकेच घासले, भुगा झाडला, पट्टी जागेवर बसवली आणि रात्रभर स्मृतीची चाचणी लावून ठेवली. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होते.

पुढच्या शुक्रवारी अर्धा तास उलटला तरी धाकट्याचे लक्ष लढाईपेक्षा घड्याळाकडेच. चाळिसाव्या मिनिटाला पलीकडून आवाज आला, “आजोबांना सांग, दिवाळीचं तिकीट काढलंय.” वाक्य पुरे झाले. स्वयंपाकघरात सूनबाईने ते ऐकले असावे. कारण दुसऱ्या दिवशी वाण्याच्या यादीत चकलीच्या भाजणीचे सामान दुपटीने वाढले होते.